पारध्याची शीळ

शिकारीचा इतिहास आजवर ज्यांनीं लिहिला त्यांनीं तो बहुधा डोळ्यांनीं पाहून लिहिला. कानांनीं ऐकून लिहिलेला नाहीं. बंदुकांच्या जाती, वाघांच्या कातड्यांची लांबी, मचाणांची उंची, हत्तींची संख्या यांचीं वर्णनें देशी व परदेशी शिकाऱ्यांच्या पुस्तकांत हवीं तितकीं सांपडतात. परंतु बंदूक निघण्यापूर्वीं कित्येक सहस्रकें माणूस रानांत एक निराळेंच शस्त्र घेऊन जात होता, आणि तें म्हणजे त्याचा आवाज. पांखराच्या बोलींत पांखराला बोलावणें, श्वापदाच्या हांकेनें श्वापदाला जवळ आणणें ही विद्या शिकारीइतकीच जुनी आहे. या विद्येचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे. आणि तो घेतां घेतां, एकच विद्या एका देशांत कौतुकाची वस्तु कां झाली व दुसऱ्या देशांत ती जाणणारा माणूस गुन्हेगार कां ठरला, या प्रश्नाशीं येऊन थांबावें लागणार आहे.

हा विषय सुचावयास वज्रेश्वरीसारखें दुसरें योग्य ठिकाण क्वचितच मिळेल. भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं हें क्षेत्र वसलेलें आहे. चिमाजी अप्पांनीं वसईच्या मोहिमेंत देवीला नवस केला आणि १७३९ सालीं किल्ला हातीं आल्यावर तो मंदिर बांधून फेडण्यांत आला, ही कथा येथें येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक असते. अकलोलीच्या किंवा गणेशपुरीच्या उन्हाळ्यावर स्नान करावें, पायऱ्या चढून देवीचें दर्शन घ्यावें आणि परतावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. परंतु याच नदीच्या वरच्या अंगास १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आहे. त्याच्या भोंवतालचें रान मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठीं राखलें गेलें, आणि १९७० पासून त्याला अभयारण्याचा दर्जा आहे. वारली, कातकरी, ठाकूर व मल्हार कोळी हे या रानाचे जुने रहिवासी. पहांटे त्या बाजूस रानकोंबडा आरवतो, गवताळ माळावर तित्तर बोलतो, झुडपांतून लाव्यांची शीळ येते. यात्रेकरूच्या कानीं हा सारा केवळ मधुर कोलाहल असतो. रानांत वाढलेल्या माणसाला मात्र त्यांतील प्रत्येक स्वराचा अर्थ लागतो: कोण बोलला, कोणाला उद्देशून बोलला आणि कशासाठीं बोलला. हा अर्थ लागणें हेंच आमच्या विषयाचें मूळ होय. कारण ज्याला अर्थ समजला त्यालाच उत्तर देतां येतें.

शिकारीच्या दोन पद्धतींना मराठी भाषेनें दोन शब्द दिले आहेत, आणि त्या दोहोंत अंतर केवळ एका कान्याचें आहे. एक हांक आणि दुसरा हांका. हांक्यांत पन्नास-शंभर माणसें ढोल व डबे बडवीत, आरोळ्या ठोकीत रान उठवितात आणि भेदरलेलें जनावर बंदुकीच्या टप्प्यांत लोटतात. हांकेंत एकटाच माणूस झुडपाआड निश्चल बसतो आणि जनावराला त्याच्याच पायांनीं आपल्यापर्यंत यावयास लावतो. हांका भीतीवर चालतो, हांक विश्वासावर चालते. हांक्याला मनुष्यबळ पुरतें. हांकेला ज्ञान लागतें. शिकारीच्या पुढील सर्व इतिहासांत या दोन पद्धतींचे धनी निरनिराळे राहिले, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आपल्या देशांत या विद्येचे उल्लेख फार जुने आहेत. पक्षी धरून पोट भरणाऱ्यास संस्कृतांत शाकुनिक म्हणत, आणि जाळें लावणाऱ्यास वागुरिक. त्यांतील वागुरा म्हणजे जाळें. आमचा वाघूर हा शब्द त्याचाच वंशज होय. शकुन या शब्दाचा अर्थ पक्षी असाही आहे आणि भविष्याचें चिन्ह असाही आहे. पांखराचा बोल ऐकून भविष्य सांगणारा आणि तोच बोल ऐकून पांखरूं धरणारा, या दोघांच्याही अंगीं कान देऊन ऐकण्याचा एकच गुण असला पाहिजे, इतकें तरी या शब्दावरून म्हणतां येतें.

पाली भाषेंतील जातककथांत तर हा पारधी साक्षात् भेटतो. सम्मोदमान जातकांतील पारधी लाव्यांच्या आवाजाची हुबेहुब नक्कल करतो, लावे एकत्र जमतात आणि तो त्यांजवर जाळें टाकतो. पुढें लावे एकजुटीनें जाळ्यासह उडून जातात आणि अखेर आपसांतील भांडणानें नाश पावतात. आमच्या मुलांना हीच गोष्ट हितोपदेशांतील कबुतरांच्या रूपानें माहीत असते. परंतु त्या कथेंत पांखरांना भुलविण्यास जमिनीवर धान्य पसरलेलें असतें. जातकांत भुलविणारी वस्तु आवाज आहे. एका दुसऱ्या जातकांत, तित्तिर जातकांत, पारध्यानें एक तित्तर पाळून शिकविला आहे. त्याच्या आवाजासरशीं त्याचे जातभाई येतात आणि पकडले जातात. तो गप्प राहूं लागला तर पारधी त्याला बांबूच्या काठीनें मारतो. वेदनेनें तो ओरडतो, आणि त्या ओरडण्यानेंही पांखरें येतातच. तेव्हां तो तित्तर एका तपस्व्यास विचारतो कीं, माझ्या आवाजानें माझे सगेसोयरे मरतात, तर हें पाप माझ्या माथीं येतें काय? तपस्वी सांगतो कीं, ज्याच्या मनाची त्या कृत्यास संमति नाहीं त्याला तें पाप लागत नाहीं. अडीच हजार वर्षांच्या परंपरेंतील ही कथा केवळ मुलांच्या करमणुकीची नव्हे. हांकेच्या शिकारींत जी फसवणूक आहे तिची टोंचणी आमच्या पूर्वजांना लागली होती, याचा हा पुरावा आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यांत राजानें मन कसें रमवावें हें सांगतांना मृगयेचे अनेक प्रकार वर्णिले असून शिकविलेल्या हरणांकडून रानांतलीं हरणें भुलविण्याची रीतही दिली आहे. पुढें अकबराच्या काळीं अबुल फज्लनें ऐने-अकबरींत आणखी तपशील नोंदविला. तित्तराचा पिंजरा मध्यें ठेवून सभोंवार केसांचे फांसे लावावे. तो बोलूं लागला कीं रानांतले तित्तर कोणी मैत्रीनें, कोणी भांडण्याच्या ईर्ष्येनें धांवून येतात आणि फांशांत गुंततात, असें तो सांगतो. बोदना नांवाच्या लहान लाव्यासारख्या पक्ष्यासाठीं याहून नवलाची युक्ति त्यानें दिली आहे. अरुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यांत रात्रीं फुंकर मारली म्हणजे घुबडाच्या घूत्कारासारखा आवाज निघतो. त्यानें भ्यालेलीं पांखरें एकत्र गोळा होतात. मग दुसरा माणूस गवताची पेंढी पेटवून फिरवितो, आणि पांखरांचे डोळे दिपले कीं तीं हातांनीं उचलून पिंजऱ्यांत घालतात. कुंभाराच्या चाकावरचें एक साधें मडकें येथें शिकारीचें वाद्य झालें आहे. 

या सर्व उदाहरणांकडे एकत्र पाहिलें म्हणजे पांखरें हांकेला कां येतात हें उमगतें. त्यांच्या येण्याला चार कारणें आहेत. पहिलें वैर: तित्तराचा नर आपल्या वांट्याच्या माळावर दुसऱ्या नराचा आवाज सहन करीत नाहीं, म्हणून तो लढावयास येतो. दुसरें सोबत: झुडपांतल्या लाव्यांचा थवा उधळला कीं तीं पांखरें शीळ घालून एकमेकांस शोधतात, म्हणून तशी शीळ ऐकतांच तीं जवळ येतात. तिसरें भय: दिवसा पिंगळ्याचा आवाज ऐकला कीं लहान पांखरें त्याला हुसकावण्यासाठीं गलका करीत जमतात. चौथें प्रीति: विणीच्या काळांत नर मादीच्या, किंवा मादी नराच्या आवाजावर ओढली जाते. पारध्याला यांतील नेमकें कोणतें कारण कोणत्या ऋतूंत व कोणत्या प्रहरीं जागें असतें हें कळावें लागतें. सूर थोडा चुकला, हांक थोडी लवकर दिली, किंवा एकदां अधिक दिली, तर पांखरूं गप्प होतें आणि तो दिवस फुकट जातो. म्हणून ही विद्या नकलेची नसून संभाषणाची आहे असें म्हटलें पाहिजे.

महाराष्ट्रांत ही विद्या कुळाचा धंदा म्हणून ज्यांनीं पाळली ते फांसेपारधी. त्यांची वस्ती मुख्यतः घाटावर, मराठवाड्यांत व वऱ्हाडांत. घोड्याच्या शेंपटीच्या केसांचे फांसे गवतांत ओळीनें रोवून, तोंडानें शीळ घालीत किंवा पाळलेल्या तित्तराला बोलतें करीत ते पांखरें धरीत. गायपारधी शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानें हरणांजवळ जात. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनीं नोंदविलें आहे कीं, फांशांत सांपडलेलीं हरणांचीं पाडसें व गाभण हरिणी सोडून देण्याचा फांसेपारध्यांचा जुना नेम होता. ज्याचें उद्यांचें पोट उद्यांच्या कळपावर अवलंबून आहे त्याचा हा हिशेब. पण तो हिशेब फार थोड्या बंदूकवाल्यांनीं केला, हेंही तितकेंच खरें.

आतां दुसऱ्या एका देशाकडे वळूं, कारण या विद्येचें अगदीं निराळें भाग्य तेथें पहावयास मिळतें. तो देश अमेरिका आणि तो पक्षी टर्की. आमच्या देशाला हा पक्षी गोव्याच्या वाटेनें माहीत झाला. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत एक टर्की होता. जहांगीर बादशहा त्याच्या रंग पालटणाऱ्या मानेवर इतका लुब्ध झाला कीं, त्यानें आपल्या आत्मवृत्तांत त्याचें वर्णन लिहिलें. बादशहाचा चित्रकार मन्सूर याचें टर्कीचें चित्र आजही प्रसिद्ध आहे. या पक्ष्याच्या नांवाचीही मौज आहे. इंग्रज त्याला तुर्कस्थानचा समजले, पोर्तुगीजांनीं त्याला पेरू म्हटलें, आणि फ्रेंचांनीं त्याचें नातें हिंदुस्थानशीं जोडलें. तो होता मात्र उत्तर अमेरिकेच्या रानांतला.

या पक्ष्याच्या शिकारींत हांकेचें महत्त्व असें कीं, ती निसर्गाचा क्रम उलटा करते. वसंत ऋतूंत टर्कीचा नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नरानें आपली जागा सोडून मादीकडे यावें असा प्रयत्न करतो. नर सावध असतो, त्याची नजर व कान तीक्ष्ण असतात, आणि आपला मान सोडून तो सहसा हलत नाहीं. तासन्‌तास हें बोलणें चालतें आणि पुष्कळदां नरच जिंकतो. अशा शिकारींत बंदुकीपेक्षां हांक काढण्याचें साधन अधिक मोलाचें ठरावें हें ओघानेंच आलें. 

तीं साधनें पुष्कळ प्रकारचीं आहेत. टर्कीच्या मादीच्या पंखांतील पोकळ हाडें एकांत एक बसवून केलेली नळी हा सर्वांत जुना प्रकार. तींतून फुंकर मारावयाची नसते, तर ओंठांनीं हवा आंत ओढावयाची असते. उत्तर अमेरिकेंतील उत्खननांत कित्येक हजार वर्षांपूर्वींचीं अशीं कोरलेलीं हाडें मिळालीं असून त्यांतील कांहीं शिकारीच्या शिट्ट्याच असाव्या असें विद्वानांचें मत आहे. दुसरा प्रकार पाटीचा: दगडी पाटीच्या तुकड्यावर लांकडी काडी घांसली कीं मादीची किंकाळी निघते. तिसरा, आणि सर्वांत आवडता, पेटीचा. देवदार किंवा अक्रोड यांसारख्या लांकडाची पातळ भिंतींची लांबट पेटी करून तिच्यावर एका टोंकाशीं खिळवलेलें झांकण बसवितात. झांकणाच्या पोटाला खडू लावून तें पेटीच्या कडेवरून अलगद ओढलें म्हणजे पेटी बोलूं लागते. आर्कान्सा प्रांतांतील डार्डनेल गांवच्या हेन्री गिब्सननें १८९७ सालीं या पेटीचें पेटंट घेतलें. पुढें अलाबामाच्या लिंच यानें दक्षिणेंत हिंडून आपल्या पेट्या खपविल्या, आणि दक्षिण कॅरोलिनांतील ग्रीनवुडच्या नील कॉस्ट यानें वल्ह्याच्या आकाराच्या झांकणाची लांब पेटी नांवारूपास आणली. कॉस्ट २००२ सालीं वारला. त्याच्या हातच्या पेट्या आज हजारों डॉलर देऊन घेतल्या जातात.

हें प्रेम कशावर आहे, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. कारखान्यांत झालेली पेटी स्वस्तांत मिळते. टाळूला चिकटवावयाचा रबरी पडदा तर हात मोकळे ठेवून हवे ते आवाज काढतो. तरीही जुना शिकारी आजोबांची पेटी फडक्यांत गुंडाळून जपतो. त्याचें एक कारण वाद्यशास्त्राचें आहे. कारागीर पेटीच्या भिंती तासतो, वाजवून पाहतो, पुन्हां तासतो. लांकडाच्या प्रत्येक फळीचा स्वभाव वेगळा असल्यानें दोन पेट्यांचा आवाज कधींच एक होत नाहीं. मिरजेच्या सतारींची किंवा तंबोऱ्यांची जवारी कशी लागते हें ज्यानें पाहिलें असेल त्याला हें निराळें सांगावयास नको. दुसरें कारण माणुसकीचें आहे. पेटीच्या तळाशीं कारागिराची सही व सन असतो. ती कोणाच्या हातून कोणाकडे आली, कोणत्या पहांटे कोणत्या टेंकडीवर तिनें उत्तर मिळविलें, हें सारें तिच्याबरोबर वारशानें येतें. जुन्या पेटीनें टर्की अधिक येतात असें कोणी म्हणेल तर तें पटवून घेण्याची गरज नाहीं. तिच्यांत माणसें अधिक सांठलेलीं असतात एवढें खरें.

या प्रेमाचा एक लाभ त्या पक्ष्यालाही झाला. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं टर्की कित्येक प्रांतांतून नाहींसा झाला होता. १९३७ सालीं अमेरिकेनें बंदुका व दारूगोळा यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठीं राखून ठेवणारा कायदा केला. १९७३ सालीं टर्कीच्या शिकाऱ्यांनीं आपली राष्ट्रीय संस्थाही स्थापली. रानांतले पक्षी पकडून ते उजाड झालेल्या प्रांतांत सोडण्यांत आले, आणि आज त्यांची संख्या साठ लक्षांच्या घरांत आहे. शिकाऱ्याला पक्षी हवा होता म्हणून त्यानें तो राखला, यांत स्वार्थ आहे हें उघड आहे. परंतु तो डोळस स्वार्थ आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आमच्याकडे ही विद्या इतकी जुनी असतां, आमच्या वाड्यांतून व बंगल्यांतून शिकाऱ्याची एखादी जुनी शिट्टी कां जपलेली दिसत नाहीं? सांबरांचीं शिंगें दिसतात, वाघांचीं कातडीं दिसतात, विलायती बनावटीच्या बंदुका तेलपाणी करून ठेवलेल्या दिसतात. आवाजाचें साधन मात्र दिसत नाहीं. याचें एक उत्तर असें कीं, आमच्याकडे तें साधन बहुधा माणसाच्या गळ्यांतच होतें. पान ओठांशीं धरून, हाताची ओंजळ करून किंवा नुसत्या जिभेनें काढलेली शीळ कपाटांत ठेवतां येत नाहीं. परंतु हें उत्तर अपुरें आहे. खरें कारण हांक आणि हांका यांच्या भेदांत आहे. अमेरिकेंत जो हांक घालतो तोच बंदूक उडवितो. आमच्याकडे संस्थानिक व साहेब मचाणावर बसत, आणि रान ज्याला कळे तो खालीं असे. शिकार मचाणावरच्या नांवावर लागे. खालच्याला मजुरी मिळे. ज्यानें कधीं स्वतः हांक घातलीच नाहीं त्याला हांकेच्या साधनाविषयीं प्रेम कोठून वाटावें?

याला अपवाद होते. कालाढुंगीच्या रानांत लहानाचा मोठा झालेल्या जिम कॉर्बेटनें १९३८ च्या नोव्हेंबरांत ठाक गांवच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाची हांक आपल्या गळ्यानें घालून समोर आणलें होतें. ती वाघीण जोडीदार शोधीत होती हें त्यानें तिच्या ओरडण्यावरून ओळखलें होतें. या प्रसंगाचें जगानें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. पण याच प्रकारची विद्या रोजच्या भाकरीसाठीं वापरणाऱ्या जमातीच्या वांट्यास काय आलें?

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढविली. फिरत्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार मानल्या गेल्या, आणि त्यांत पारध्यांचाही समावेश झाला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. गांवोगांवीं पोलीसपाटलाकडे हजेरी सुरू झाली. रानांतल्या प्रत्येक पांखराला त्याच्या बोलींत हांक घालणाऱ्या माणसाला आतां दुसऱ्याच्या हांकेला ओ देण्यासाठीं रांगेंत उभें रहावें लागलें. याहून विपरीत दैवगति कोणती? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं फांसेपारध्यांना आपल्या चाकरीत घेऊन त्यांच्यावर विश्वास टाकला, ही त्या काळोखांतली ठळक गोष्ट होय. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि कागदावरून गेलेला संशय लोकांच्या मनांतून आणि चौकीवरून गेला नाहीं.

त्यानंतर १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें छंदाच्या शिकारीचा शेवटचा परवानाही संपला. हें झालें तें इष्टच झालें. माळरानें नांगराखालीं गेलीं, माळढोकासारखा पक्षी महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला. अशा वेळीं तित्तर-लाव्यांच्या शिकारीची तरफदारी कोणी सुज्ञ माणूस करणार नाहीं. परंतु कायद्याचा भार दोन शिकाऱ्यांवर सारखा पडला नाहीं. हौशी शिकाऱ्यानें बंदूक भिंतीवर टांगली आणि आठवणी लिहिल्या. पारध्याचा धंदा बुडाला, विद्या निरुपयोगी झाली आणि आठवणी विचारावयास कोणी आलें नाहीं. बंदुकीचें वस्तुसंग्रहालय होऊं शकतें. गळ्याचें होत नाहीं. तो माणूस गेला कीं ती शीळ गेली.

येथें कोणी म्हणेल कीं फसवणुकीची विद्या गेली तर बिघडलें काय? या आक्षेपाला उत्तर वज्रेश्वरीच्या शेजारींच मिळतें. रानपिंगळा हा एक लहानसा घुबडवर्गीय पक्षी. ह्यूमनें १८७३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ नंतर त्याचा निश्चित नमुना कोणास मिळाला नाहीं, आणि तो नामशेष झाला असें समजलें गेलें. ११३ वर्षांनीं, १९९७ च्या नोव्हेंबरांत, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ तो पुन्हां दृष्टीस पडला, आणि २०१४ सालीं तानसा अभयारण्यांत सांपडला. त्याचा आवाज एकदां ध्वनिमुद्रित झाल्यावर पक्षिशास्त्रज्ञ तो निरनिराळ्या रानांत वाजवून त्याच्या उत्तराची वाट पाहूं लागले. उत्तर आलें कीं त्या रानाच्या नोंदींत रानपिंगळ्याची भर पडे. ही पद्धति नवी म्हणावी काय? जातकांतला पारधी लाव्यांना, आणि अबुल फज्लचा पारधी बोदन्यांना जें करी तेंच हें आहे. फरक इतकाच कीं हांकेच्या शेवटीं आतां फांसा नसून वही आहे.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला, जिची स्थापना १८८३ सालची, हें केव्हांच उमगलें होतें. पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करावयाचा तर ते पक्षी जिवंत व बिनइजा धरले पाहिजेत. त्यासाठीं संस्थेनें बिहारमधील मीरशिकार जमातीच्या अली हुसेन यांच्यासारख्या जाणत्यांची मदत घेतली, आणि त्यांचीं जाळीं व नकलेचें कसब शास्त्राच्या कामीं आलें. आमच्या वऱ्हाडांतही अकोला व वाशिम जिल्ह्यांत फांसेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ व तणमोरासारखे दुर्मिळ पक्षी राखण्याचा प्रयत्न झाला आहे. माळावर तणमोर कोठें घरटें करील हें ज्यांच्या पूर्वजांनीं पोटासाठीं शिकून घेतलें, त्यांच्याइतका दुसरा वाटाड्या मिळणें कठीण.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशांत ध्वनियंत्र आहे आणि त्यांत हव्या त्या पक्ष्याचा आवाज आहे. छायाचित्राच्या हौसेपायीं विणीच्या दिवसांत तो आवाज पुनःपुन्हां वाजविला जातो. बिचारा नर नसलेल्या शत्रूशीं लढण्यांत दमतो; घरटें उघडें पडतें. फांसा नसला तरी ही शिकारच होय, आणि तींत ज्ञानही नाहीं व संयमही नाहीं. जुना पारधी शीळ केव्हां घालावी हें जाणत होता त्याप्रमाणेंच केव्हां घालूं नये हेंही जाणत होता. यंत्राला तें समजत नाहीं.

तात्पर्य, अमेरिकन शिकारी आपल्या जुन्या पेटीवर प्रेम करतो तेव्हां तो लांकडाच्या तुकड्यापेक्षां, त्यांत सांठलेल्या ऐकण्याच्या शिस्तीवर प्रेम करीत असतो. आमच्याकडे ती शिस्त लांकडांत उतरली नाहीं. ती माणसांत राहिली, आणि त्या माणसांना आम्हीं प्रथम हजेरीच्या रांगेंत उभें केलें व नंतर विसरून गेलों. पारध्यांच्या वस्तींत जे वृद्ध आज हयात आहेत त्यांच्या हांका त्यांच्याच शब्दांतील अर्थासह, त्यांच्या नांवानिशीं मुद्रित करून ठेवणें हें काम फारसें खर्चाचें नाहीं. कोणत्या हांकेला कोणतें पांखरूं येतें, कोणत्या महिन्यांत येतें, आणि कोणत्या हांकेला यावयाचें तें आतां कां येत नाहीं, हें सारें त्यांना विचारलें पाहिजे. विद्यापीठांनीं व वस्तुसंग्रहालयांनीं हें मनावर घ्यावें. तित्तिर जातकांतील तित्तराला जो न्याय मिळाला तोच आम्हीं या माणसांना द्यावयाचा आहे: पोटासाठीं जिचा उपयोग झाला ती विद्या आणि तिच्यावर लादलेला गुन्हा हीं दोन निराळीं आहेत, एवढें ओळखण्याचा. मग जो कान आजवर पांखरांसाठीं जागा राहिला त्याचें मोल पांखरांच्या राखणीसाठींच होऊं शकेल, आणि तें मोल त्याला त्याच्या हयातींत मिळेल.